पायी वारीत खायचं काय, कधी आणि कुठे: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा आषाढी वारीला निघणारे दोन प्रकारचे असतात. एक पिशवीभर लाडू, चिवडा, शंकरपाळी घेऊन येतो, जणू वाटेत दुष्काळ पडलाय. दुसरा ‘माउलींच्या वाटेवर कसली आलीय काळजी’ म्हणत हात हलवत येतो. दोघांचंही पोट साधारण सासवडच्या आसपास कुरकुरायला लागतं.

वारीत उपाशी राहायची वेळ येत नाही, हे आधीच सांगतो. पोट बिघडतं ते खाण्याच्या सुकाळाने, अवेळी खाल्ल्याने आणि पाण्याने. पुढचं सगळं आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांना धरून लिहिलंय. देहूहून तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर जाणार असाल तर हडपसरनंतर गावं बदलतील, पोटाचे नियम तेच राहतील.

## १. आधी दिंडी पक्की करा

दिंडी म्हणजे एकत्र चालणारा, एकत्र जेवणारा वारकऱ्यांचा गट. जेवणाचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो. दिंडीत नाव नोंदवताना जी रक्कम भरायची तिला भिशी म्हणतात. ती दिंडीगणिक वेगळी असते, आणि तिच्यात काय काय येतं तेही वेगळं. ‘जेवणाखाण्याचं सगळं आहे’ एवढ्या उत्तरावर पैसे भरू नका. हे विचारून घ्या:

- दोन वेळचं जेवण की सकाळचा चहा-नाश्ताही?
- आळंदी आणि पुण्यातलं जेवण धरलंय का? पुण्यात दोन मुक्काम असतात आणि तिथे बरेच जण नातेवाइकांकडे जातात, म्हणून काही दिंड्या स्वयंपाक कमी करतात.
- पंढरपुरात जेवण कधीपर्यंत? एकादशीपर्यंत, द्वादशीच्या पारण्यापर्यंत की पौर्णिमेच्या काल्यापर्यंत?
- पाण्याचा टँकर दिंडीचा स्वतःचा आहे का?
- ताट आपलं आणायचं की पत्रावळ मिळते?
- स्वयंपाकात कांदा-लसूण असतो का? दोन्ही बाजूंनी हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

शक्य असेल तर त्या दिंडीत गेल्या वर्षी चाललेल्या कुणाशी तरी बोला. विणेकरी किती जुने, हे लोक हौसेने सांगतील. तुम्ही आचारी किती जुना आहे ते विचारा.

दिंडीशिवाय मोकळं चालणारेही पुष्कळ असतात. सासवडपर्यंत त्यांचं सहज निभतं. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलं की दोन गावांमधलं अंतर वाढतं, आणि दिवसभर चालून आल्यावर रात्री आठ वाजता ताट शोधत तळावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, फिरणं फार जिवावर येतं. पहिल्या वर्षी तरी दिंडीतच जा.

## २. निघण्याआधीचा महिना

चालण्याचा सराव सगळे करतात, खाण्याचा कुणी करत नाही. पहाटे साडेचारला उठून थोडं खायचं आणि मग दोन तास चालायचं, हे आठवड्यातून दोनदा करून बघा. रिकाम्या पोटी नुसता चहा पिऊन चालल्यावर तुम्हाला पित्त होतं का, हे घरीच कळलेलं बरं.

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना ‘वारीला जातोय’ एवढंच सांगून भागत नाही. रोज पंधरा-वीस किलोमीटर चाल, जेवणाची वेळ तास-दोन तास मागेपुढे आणि मध्ये एकादशी, असं नीट सांगा. गोळ्यांचं किंवा इन्सुलिनचं प्रमाण बदलायचं का, हे त्यांनी ठरवायचं.

कागदपत्रं फार नाहीत, पण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवीत:

- आधार कार्डाची प्रत
- दिंडीची पावती किंवा ओळखपत्र
- दिंडीचा क्रमांक, ती पालखीच्या रथापुढची की रथामागची, दिंडीचं सामान नेणाऱ्या ट्रकचा नंबर, दिंडीचालकांचा फोन. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. फोन बंद पडला की याच चिठ्ठीवर तुमचं रात्रीचं जेवण अवलंबून असतं.
- डॉक्टरांची चिठ्ठी, चालू औषधांची यादी, कशाची अॅलर्जी असेल तर तीही

सुटे पैसे ठेवा. गर्दीत नेटवर्क दगा देतं आणि चहावाल्याकडे पाचशेची मोड नसते.

## ३. खांद्यावर काय, ट्रकमध्ये काय

ट्रकमध्ये: स्टीलचं ताट, वाटी, फुलपात्र. तिन्हींवर नाव कोरून घ्या. रंगाने लिहिलेलं नाव लोणंदपर्यंत पुसलं जातं आणि शंभर सारख्या ताटांत आपलं ओळखू येत नाही. शिवाय भांडी घासायचा साबण आणि एक कोरडा पंचा.

खांद्यावर: पाण्याची लिटरची बाटली, मूठभर भाजके शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, खडीसाखर, ओआरएसची दोन-तीन पाकिटं, लिंबू, मिठाची पुडी, एक चमचा. याहून जास्त खाणं खांद्यावर घेऊ नका.

घरून काय न्यावं याबद्दल माझं ठाम मत आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या आणि धपाटे लोक मोठ्या प्रेमाने बांधून देतात. ते तीन-चार दिवस टिकतात, पावसाळी हवेत त्याहूनही कमी. म्हणजे नेमकं आळंदी ते सासवड, जिथे वाटेत सगळ्यात जास्त खायला मिळतं, तिथेच ते संपवावे लागतात. उपयोगी पडतं ते फलटणच्या पुढे टिकणारं: शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, सातूचं पीठ, मेतकूट. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की पाच मिनिटांत पोटभरीचं होतं, चूल लागत नाही. रात्री भूक मेलेली असताना गरम भातावर मेतकूट घेतलं तर घास उतरतो.

डबे पातळ नकोत आणि मोठेही नकोत. ओला चमचा एकदा चटणीत गेला की तिला बुरशी आलीच समजा.

## ४. दिवसाचं वेळापत्रक

तळावर पहाटे तीन-साडेतीनला हालचाल सुरू होते. आंघोळ, चहा, काकडा. पालखी उजाडता उजाडता निघते. सकाळच्या विसाव्याला नाश्ता, दुपारच्या विसाव्याला जेवण, संध्याकाळी तळावर समाज आरती आणि मग रात्रीचं जेवण. दिंडीचा ट्रक तुमच्या आधी पुढे निघालेला असतो. तुम्ही पोचता तेव्हा राहुट्या उभ्या असतात आणि चुलीवर आमटी उकळत असते.

यात तीन गोष्टी सांभाळा.

पहाटे निघताना चहाबरोबर काहीतरी घन पोटात जाऊ द्या. दोन बिस्किटं, एक केळं, काहीही. पहिला विसावा जवळ वाटतो, पण गर्दीत तासाचे दीड तास होतात.

दुपारी भरपेट जेवू नका. आमटी-भाकरी समोर आली की हात थांबत नाही, हे खरं आहे. पण जेवण झाल्यावर तासाभरात पुन्हा उन्हात चालायचं असतं. दुपारी पाऊण पोट ठेवा, राहिलेली भूक रात्री भागवा.

रिंगणाच्या दिवशी जेवणाच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, पुढे पुरंदावड्याला गोल रिंगण. सगळा लोंढा तिथे थांबतो, आणि अश्व धावल्यावर टापांखालची माती कपाळाला लावण्याच्या धांदलीत जेवणाचं कुणालाच सुचत नाही. त्या दिवशी खिशातले शेंगदाणे आणि गूळ आधीच थोडे जास्त घेऊन ठेवा.

## ५. रस्त्यावरचं वाटप

पुण्यातून निघाल्यापासून हडपसरपर्यंत दर पन्नास पावलांवर कुणीतरी हात पुढे करतं. ‘घ्या माउली, घ्या.’ चहा, पोहे, उपमा, शिरा, केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, वडापाव, पाण्याच्या बाटल्या. नवख्या माणसाला नाही म्हणवत नाही. हडपसरला त्याची पिशवी उघडून बघा: चार काळी पडलेली केळी, त्यांच्याखाली चेपलेली चिक्की, बिस्किटांचे पाच पुडे आणि आतून घाम सुटलेलं खिचडीचं पाकीट. ते पाकीट तो दुपारी तीनला उघडतो. तिथून गोष्ट बिघडते.

कसं निवडायचं? समोर कढईतून निघतंय, वाफ येतेय, ते घ्या. सालासकट फळ घ्या. बंद पाकिटातली बिस्किटं, चिक्की, शेंगदाणे घ्या. पाकिटात भरून ठेवलेला भात, मसालेभात, पुलाव हे तिथल्या तिथे गरम असेल तरच, नाहीतर नाही. शिजवलेला भात बंद पाकिटात तासन्‌तास राहिला की वासाने कळत नाही, पण पोटाला कळतं. कापलेली फळं, बर्फ घातलेलं सरबत, उसाचा रस, उघड्या पातेल्यातलं ताक यांना लांबून नमस्कार.

नमस्कार म्हटलं ते खरंच करायचं. देणाऱ्याला ‘नको’ म्हणून झटकून पुढे जाऊ नका, तो वर्षभर पैसे बाजूला टाकून उभा असतो. ‘माउली, आत्ताच झालं’ म्हणून हात जोडले की तोही हात जोडतो. फारच आग्रह झाला तर घासभर प्रसाद म्हणून घ्या.

टेम्पोतून वाटप चालू असेल तर त्याच्यामागे धावू नका. चिक्कीच्या एका पुड्यासाठी म्हातारी माणसं चेंगरताना पाहिली आहेत. आणि खाऊन झालेला द्रोण, पेला हातात धरून पुढच्या कचऱ्याच्या पिंपापर्यंत न्या. मागून अनवाणी चालणारे येत असतात.

गाववाल्यांच्या पंगतीची गोष्ट निराळी. तिथे अन्न त्याच दिवशी, बहुतेक वेळा त्याच तासाला शिजलेलं असतं. तुकोबांच्या वाटेवर यवतला गावच्या गाव पिठलं-भाकरी करतं. घराघरांतून भाकऱ्या येतात आणि मोठ्या कढयांमध्ये पिठलं रटरटत असतं. अशी पंगत चुकवू नका.

## ६. पाणी

आजारी पडणाऱ्यांतले निम्मे इथे चुकतात असं माझं निरीक्षण आहे.

चालण्याच्या दिवशी तीन ते चार लिटर पाणी पोटात जायला हवं. तहान लागेपर्यंत थांबू नका, दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्या. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय.

बाटली दिंडीच्या टँकरवरून किंवा सरकारी टँकरवरून भरा. विहीर, बोअर, ओढा, शेतातला पाइप कितीही नितळ दिसला तरी क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. गोळी किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर वाचा, प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं. दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावू नका, आपल्याला लावू देऊ नका. वरून ओतून द्या.

बायांसाठी विशेष. शौचालयाची सोय कुठे होईल या धास्तीने अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग दुपारी चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते. तळांवर आणि विसाव्यांच्या आसपास फिरती शौचालयं असतात. ती कुठे आहेत हे दिंडीतल्या जुन्या जाणत्या बाईला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. पाणी कमी करणं हा त्यावरचा उपाय नाही.

जेजुरीत बाटलीचं झाकण घट्ट असू द्या. भंडारा असा उधळतात की उघडं पाणी क्षणात पिवळं होतं.

## ७. एकादशी आणि दिवेघाट एकाच दिवशी

ही गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही. माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, नवमीला पुणे, दशमीला पुण्यातच मुक्काम. म्हणजे पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरच्या आसपासचा टप्पा बहुतेक वर्षी एकादशीला येतो. सगळ्यात लांबची चाल, तीही घाटाची, आणि उपवास.

त्या दिवशी वाटेत साबुदाण्याची खिचडी सढळ हाताने मिळते. दोन वाट्या खिचडी खाऊन घाट चढायला घेतला की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. थोडी खिचडी सकाळी लवकर, नंतर दर तासाला काहीतरी लहानसं: शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याची वडी, केळं, उकडलेलं रताळं. मीठ विसरू नका. उपवासाला सैंधव चालतं, ते लिंबू-साखरेच्या पाण्यात घाला. वडकी नाल्याच्या दुपारच्या विसाव्याला हलकंच खा, कारण त्यापुढे चढच आहे. आमच्या दिंडीतली एक आजी पदराच्या गाठीत खडीसाखर बांधून चालते. घाटाच्या प्रत्येक वळणावर एक खडा तोंडात आणि एक शेजारच्याच्या हातावर.

भगरीचं बघून घ्या. भगरीच्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात उपवासाच्या दिवसांत वरचेवर येतात. दमट हवेत जुन्या भगरीला आणि विशेषतः तिच्या सुट्या पिठाला बुरशी लागते. दिंडीत शिजवलेली ताजी भगर असेल तर खा. कुणी पिठाच्या भाकरी वाटत असेल आणि पीठ कुठलं ते माहीत नसेल तर सोडा.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी कडकडीत उपवास करून घाट चढू नये. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच तोंडात टाका, बसा, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, आणि आरोग्य पथकाला बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका.

सासवडला दोन मुक्काम असतात. दुसरा दिवस पोटाला द्या: मऊ भात, वरण, भरपूर पाणी. त्या दिवशी बाजारात भजी खात हिंडणारे वाल्ह्याला रांगेत उभे दिसतात. कसल्या रांगेत ते सांगायला नको.

## ८. पंगतीचे रिवाज

चपला पंगतीबाहेर. जागा मिळेल तिथे बसा, ओळखीच्यांसाठी जागा धरून ठेवू नका. वाढून होईपर्यंत थांबा, श्लोक होतो, ‘पुंडलिक वरदे’चा गजर होतो, मग पहिला घास. वाढप्याला आधीच ‘अर्धी’ किंवा ‘पुरे माउली’ सांगा. ताटात टाकलेलं अन्न वारीत कुणालाच बघवत नाही. शेजारच्यांचं होईपर्यंत उठू नका.

जमेल तसं एक दिवस वाढायला उभे राहा, भाजी चिरायला बसा. आचाऱ्याशी ओळख झाली की ‘तिखट सोसत नाही’ हे सांगणं सोपं जातं, आणि उशिरा आलात तर तुमच्यासाठी दोन भाकऱ्या झाकून ठेवलेल्या असतात.

वारीत मांस-मद्य नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. गळ्यात तुळशीची माळ असलेले बरेच जण कांदा-लसूणही खात नाहीत, म्हणून तुमची कांद्याची चटणी न विचारता कुणाच्या ताटात वाढू नका.

## ९. पोट बिघडलंच तर

आधी पाणी-मीठ-साखर. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, पूर्ण घाला. अर्धं आत्ता, अर्धं उद्या करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर, घोट घोट. खायला मऊ भात, केळं.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका. ताप, शौचात रक्त, उलटीमुळे पाणीही न टिकणं, लघवी बंद होणं यांतलं काहीही असेल तर चालणं थांबवा. वाटेवर आणि तळांवर सरकारी आरोग्य पथकं असतात, रुग्णवाहिकेसाठी १०८. दिंडीच्या ट्रकमध्ये एक दिवस बसून गेलात तर वारी मोडत नाही.

## १०. वाखरीपासून पुढे

पालखी वाखरीला असते तेव्हा आषाढ शुद्ध नवमी असते, म्हणजे कांदेनवमी. एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि कांदा-लसूण-वांगं सोडणारे त्याआधीची हौस भागवून घेतात, त्यामुळे कुणाच्या तरी कढईत कांदाभजी पडतातच. दोन खा, ताट भरून नको. वाखरीला निरनिराळ्या पालख्या एकत्र येतात, गर्दी आणि माश्या दोन्ही कळसाला पोचतात. इथे फक्त आपल्या दिंडीचं अन्न आणि फक्त टँकरचं पाणी.

दशमीला पंढरपुरात पोचल्यावर रात्री लवकर जेवून घ्या. एकादशीला दर्शनबारीत उभं राहणार असाल तर तासांचा हिशेब सोडून द्या, पण पाणी, राजगिऱ्याच्या वड्या आणि औषधं अंगाबरोबर ठेवा. एकदा बारीत शिरल्यावर मागे वळता येत नाही. चंद्रभागेचं तीर्थ डोळ्यांना, कपाळाला लावा. पिण्याची बाटली तिथे भरू नका.

द्वादशीला सकाळी बारस सोडताना आधी वरण-भात, मग बाकीचं. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच गोडाधोडावर तुटून पडलेली माणसं परतीच्या एसटीत खिडकीची जागा मागत असतात. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. तिथपर्यंत थांबणार असाल तर दिंडीचं जेवण त्या दिवशी आहे का, हे आधीच विचारलेलं असेल.

ट्रक रिकामा होतो तेव्हा घाई असते, म्हणून ताट-वाटी-फुलपात्र आदल्या रात्रीच काढून घ्या. प्रसादाचे चुरमुरे, पेढे आणि बुक्का वेगवेगळ्या पिशव्यांत बांधा, आणि तिन्ही ओल्या कपड्यांपासून लांब ठेवा. पेढे पहिल्या दोन दिवसांत वाटून संपवायचे.